चांदणी नसलेला रिपोर्ट

पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टमध्ये ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेल्या आकड्यापुढे एक बारीक चांदणी छापलेली असते, आणि रिपोर्ट हातात पडला की आपण बहुतेक जण तेवढीच शोधतो. चांदणी दिसली नाही तर कागदाची घडी होऊन तो फाइलमध्ये जातो. आमच्या घरी अकरा वर्षे हेच चालले होते. आईला मधुमेह आहे, त्यामुळे तिच्या रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी होत असत. रिपोर्ट मी स्वतः आणत असे, साखरेचा आकडा पाहून झाला की ‘किडनी फंक्शन टेस्ट’ या मथळ्याखालच्या ओळींवरून नजर फिरवत असे आणि ‘किडनी एकदम नॉर्मल आहे’ असे तिला सांगून टाकत असे. त्या अकरा वर्षांत क्रिएटिनिनच्या, म्हणजे ज्या आकड्यावरून किडनीचे काम जोखतात त्याच्या, ओळीपुढे एकदाही चांदणी आली नाही. तिच्या किडनीचे काम मात्र त्याच काळात जवळजवळ निम्म्यावर आले होते.

हे उघडकीला आले ते एका नव्या डॉक्टरांनी जुने सगळे रिपोर्ट मागितले म्हणून. आदल्या रात्री मी ते तारखांप्रमाणे लावण्यासाठी जमिनीवर पसरले. काहींची शाई पुसट झाली होती, काही सापडलेच नाहीत. जे हाती लागले त्यांत क्रिएटिनिन असे होते : अठ्ठावन्नाव्या वर्षी ०.७, बासष्टाव्या वर्षी ०.८, सहासष्टाव्या वर्षी ०.९ आणि एकोणसत्तराव्या वर्षी १.१. शेजारच्या रकान्यात दरवेळी एकच मर्यादा छापलेली होती, ०.६ ते १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यातल्या प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीने आणखी एक आकडा लिहिला : १००, ८३, ७१, ५४. लॅबने छापलेले चार आकडे जिना चढत होते आणि पेन्सिलीने लिहिलेले चार जिना उतरत होते. दोन्ही गोष्टी एकाच किडनीबद्दल सांगत होत्या. पेन्सिलीने लिहिलेला तो आकडा म्हणजे ईजीएफआर, किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, आणि तो लॅबने छापलाच नव्हता.

मी वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. त्या दिवसानंतरच्या दोन वर्षांत डॉक्टरांना विचारून आणि स्वतः वाचून जे समजले ते इथे लिहितो आहे, ते ज्यांच्या घरात अशी एखादी फाइल आहे त्यांच्यासाठी. उपचार मात्र ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो आणि तोच गाळणीचे काम करतो. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो, आणि दिवसभरात त्यातून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला दीड-दोन लिटर सोडला तर बाकी सगळा नेफ्रॉनच्या पुढच्या नळीतून रक्तात परत घेतला जातो. गाळण्याचा हा वेग, म्हणजे एका मिनिटाला किती मिलिलिटर, हाच जीएफआर. तो थेट मोजायचा तर विशिष्ट पदार्थ टोचून काही तास नमुने घ्यावे लागतात आणि एवढा खटाटोप रोजच्या व्यवहारात कोणी करत नाही. म्हणून शरीरात आपोआप तयार होणाऱ्या एखाद्या पदार्थाचे रक्तातले प्रमाण मोजून त्यावरून वेगाचा अंदाज बांधतात. ईजीएफआरमधला ‘ई’ हा त्या अंदाजाचा आहे आणि तो विसरून चालत नाही.

हा पदार्थ म्हणजे क्रिएटिनिन. स्नायूंमध्ये क्रिएटिन असते, त्याचा एक-दोन टक्के भाग रोज क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि किडनीवाटे बाहेर पडतो. क्रिएटिनिन स्वतः फारसे उपद्रवी नाही. ते केवळ खूण म्हणून वापरले जाते. आता समजा गाळण्याचा वेग निम्मा झाला. स्नायू रोज तेवढेच क्रिएटिनिन तयार करत राहतात, म्हणून ते रक्तात साचत जाते आणि साचता साचता दुप्पट झाले की निम्म्या वेगानेही रोजचा माल पुन्हा पूर्ण बाहेर पडू लागतो. तिथे आकडा स्थिरावतो. म्हणजे ढोबळमानाने क्रिएटिनिन दुप्पट होणे याचा अर्थ काम निम्मे होणे. एखाद्याचे मूळ क्रिएटिनिन ०.६ असेल तर ते १.२ होईपर्यंत निम्मी गाळणी गेलेली असते आणि रिपोर्ट तरीही स्वच्छ दिसतो. उलट ४ चे ५ झाले तर घरातले सगळे हादरतात, पण त्या टप्प्यात गेलेला वेग मिलिलिटरमध्ये मोजला तर फारच थोडा असतो, कारण जाण्यासारखे बहुतेक आधीच गेलेले असते. आकडा सुरुवातीला जवळजवळ गप्प असतो आणि शेवटी ओरडतो, ही क्रिएटिनिनची मोठी अडचण आहे.

दुसरी अडचण अशी की क्रिएटिनिन जितके किडनीबद्दल सांगते तितकेच स्नायूंबद्दलही सांगते. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.२ असेल तर सध्याच्या सूत्राप्रमाणे त्याचा ईजीएफआर ८६ येतो. सत्तर वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन तेवढेच, म्हणजे १.२ असेल तर तिचा ईजीएफआर ४९ येतो. लॅबची मर्यादा दोघांनाही एकच छापलेली असली तर दोघांच्याही कागदावर चांदणी नसते. हे सूत्र वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढ्याच तीन गोष्टी विचारते. १९७६ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी वजनाचा समावेश असलेले एक सूत्र मांडले होते आणि काही औषधांचे डोस ठरवताना ते आजही वापरतात. १९९९ मध्ये एमडीआरडी हे सूत्र आले, २००९ मध्ये सीकेडी-एपी आले आणि २०२१ मध्ये त्यातून वंशाची अट काढून टाकून ते सुधारले गेले. रिपोर्टवर कोणते सूत्र वापरले आहे ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. दोन लॅबच्या ईजीएफआरमध्ये चार-पाच अंकांचा फरक दिसला तर आधी ती ओळ वाचावी. आणि लॅबने ईजीएफआर दिलाच नसेल तर तो मागून घ्यावा, कारण त्यासाठी रक्ताचा जादा थेंबही लागत नाही.

आईचा रिपोर्ट चांदणीशिवाय बिघडलेला होता, तर त्याच सुमारास माझा रिपोर्ट चांदणीसह ठणठणीत निघाला. तिचे कळल्यावर घाबरून मीही तपासणी करून घेतली आणि क्रिएटिनिन १.३५ आले, पुढे ठसठशीत चांदणी. एकेचाळिसाव्या वर्षी या आकड्याचा ईजीएफआर ६८ होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न वेगळाच विचारला : आदल्या दिवशी काय केले होते? मी उन्हात तीन तास धावलो होतो, पाणी जेमतेम प्यायलो होतो, रात्री भरपूर मटण खाल्ले होते आणि महिनाभर व्यायामशाळेतल्या मित्राच्या सल्ल्याने क्रिएटिनची पावडर घेत होतो. आकडा वर ढकलायला यातली प्रत्येक गोष्ट पुरेशी आहे. शिजवलेल्या मांसातून क्रिएटिनिन आयतेच रक्तात येते, पावडरीतले क्रिएटिन शरीरात जाऊन क्रिएटिनिनच होते, आणि शरीरात पाणी कमी पडले की गाळण्याचा वेग तात्पुरता उतरतो. पावडर बंद करून, दोन दिवस व्यायाम टाळून आणि नेहमीसारखे पाणी पिऊन तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा क्रिएटिनिन १.० आणि ईजीएफआर ९७ आला.

काही औषधांमुळेही असेच होते. थोडे क्रिएटिनिन गाळणीवाटे न जाता नळीच्या भिंतीतून लघवीत सोडले जाते. ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक किंवा आम्लपित्तावरचे सिमेटिडीन ती वाट अडवते, म्हणून गाळणी धडधाकट असूनही आकडा वाढतो. तपासणीची पद्धतही दोन तऱ्हांची असते. मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये शोधलेली पिक्रिक आम्लाची रंगक्रिया कित्येक लॅबमध्ये आजही वापरात आहे. ती स्वस्त आहे, पण साखर किंवा कीटोन फार वाढलेले असतील तर फसते. एन्झायमॅटिक पद्धत तेवढी फसत नाही. म्हणून दरवेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करावी, म्हणजे निदान चूक झालीच तर दरवेळी एकाच बाजूला होते. ०.१ च्या चढउतारावरून घर डोक्यावर घेण्यात अर्थ नाही, कारण तेवढा फरक एकाच माणसात एकाच आठवड्यातही पडू शकतो. तोच ०.१ दर तीन-चार वर्षांनी एकाच दिशेने सरकत असेल तर मात्र त्याकडे काणाडोळा करू नये.

ज्यांचे स्नायू फार कमी किंवा फार जास्त आहेत, उदाहरणार्थ अंथरुणाला खिळलेले वृद्ध, पाय गमावलेली व्यक्ती किंवा शरीरसौष्ठवपटू, त्यांच्या बाबतीत क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज बराच चुकतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही तपासणी उपयोगी पडते. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी तयार करतात, त्यामुळे त्याला स्नायूंशी फारसे देणेघेणे नसते. मात्र थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइड आणि शरीरातला दाह यांचा त्यावर परिणाम होतो. दोन्ही आकडे एकत्र घेऊन काढलेला ईजीएफआर एकट्याने काढलेल्यापेक्षा अधिक विश्वासाचा असतो.

युरियाबद्दल फार लिहित नाही, कारण लोक त्याला देतात तेवढे महत्त्व त्याला नाही. तो प्रथिनांच्या पचनातून यकृतात तयार होतो. पाणी कमी पडले, प्रथिने जास्त खाल्ली, स्टेरॉइड चालू असले किंवा आतड्यात रक्तस्राव झाला तरी तो वाढतो आणि यकृत दुबळे असेल तर किडनी बिघडूनही कमी राहतो. गोंधळ होतो तो नावाचा. काही लॅब ‘युरिया’ छापतात, काही ‘बीयूएन’, म्हणजे युरियातला केवळ नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. आमच्या एका नातेवाइकांनी लॅब बदलली आणि १६ चे एकदम ३४ झाल्याचे पाहून दोन दिवस जेवण सोडले होते. दोन्ही आकडे एकच होते.

ईजीएफआरवरून किडनीच्या आजाराचे पाच टप्पे केले आहेत. ९० आणि त्यावर पहिला, ६० ते ८९ दुसरा, ३० ते ५९ तिसरा (त्याचेही ४५ वर दोन भाग पाडतात), १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. यात दोन अटी लोक वाचत नाहीत. पहिली अशी की बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला तरच त्याला दीर्घकालीन आजार म्हणतात; एका रिपोर्टवरून कोणालाही टप्पा चिकटवता येत नाही. दुसरी अट अशी की पहिल्या दोन टप्प्यांत केवळ ईजीएफआर पुरत नाही, तर लघवीतून प्रथिन किंवा रक्त जाणे, सोनोग्राफीत रचनेचा दोष दिसणे असा वेगळा पुरावा लागतो. चाळिशीनंतर ईजीएफआर वर्षाला साधारण एका अंकाने उतरतोच. ज्यांच्या लघवीत काही दोष नाही आणि ज्यांचा आकडा वर्षानुवर्षे जागच्या जागी आहे, अशा ऐंशीच्या घरातल्या आजोबांचा ईजीएफआर ५५ असणे आणि पस्तिशीतल्या मधुमेही माणसाचा ईजीएफआर ५५ असणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आईचा उतार मात्र वयाच्या हिशोबात बसणारा नव्हता. अकरा वर्षांत ४६ अंक म्हणजे वर्षाला चारांहून अधिक.

आता ज्या तपासणीबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे तिच्याकडे येतो. आईच्या अकरा वर्षांच्या फाइलमध्ये लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी एकदाही नव्हती. किडनीचा संबंध लघवीशी आहे हे लहान मूलही सांगेल, तरीही आपण दरवेळी रक्त देऊन येतो आणि बाटली नको म्हणतो. लंडनमध्ये रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये किडनीच्या आजाराचे जे वर्णन प्रसिद्ध केले त्याचा पाया लघवीच होता. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवली की अंगाला सूज असलेल्या रुग्णांच्या लघवीत पांढरा साका धरतो, जसा अंड्यातला पांढरा भाग तापवल्यावर घट्ट होतो. तो साका अल्ब्युमिनचा असतो. निरोगी गाळणी अल्ब्युमिनचा कण सहसा पलीकडे जाऊ देत नाही. मधुमेहात गाळणीचे पडदे खराब होऊ लागतात तेव्हा तो थोडाथोडा निसटू लागतो, आणि पुष्कळ रुग्णांत हे निसटणे क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होते.

आजची तपासणी चमच्याहून सोपी आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी थोडीशी बाटलीत द्यायची, आणि लॅब त्यातले अल्ब्युमिन व क्रिएटिनिन मोजून त्यांचे गुणोत्तर सांगते. हा एसीआर. गुणोत्तर घ्यायचे कारण असे की पाणी जास्त प्यायल्याने लघवी पातळ झाली तर दोन्ही पदार्थ सारखेच पातळ होतात आणि भागाकार बदलत नाही. त्यामुळे चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवण्याचे जुने दिव्य बहुतेकांना करावे लागत नाही. एसीआर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असावा. ३० ते ३०० ही मधली पायरी आणि ३०० च्या पुढे गंभीर. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा कठोर व्यायाम यांमुळे तो खोटा वाढतो, म्हणून वाढलेला आला तर तीन महिन्यांत आणखी दोनदा करून पाहतात आणि तीनपैकी दोन वेळा वाढलेला असेल तरच खरा धरतात. साध्या लघवी तपासणीत प्रथिन ‘नाही’ आले म्हणजे झाले असेही समजू नये, कारण त्या तपासणीत लघवीत बुडवतात त्या पट्टीला थोडे अल्ब्युमिन सहसा दिसत नाही.

आईचा एसीआर १८० आला आणि दुसऱ्या वेळी १६५. धोका किती आहे हे ईजीएफआर आणि एसीआर हे दोन आकडे शेजारी ठेवूनच कळते. ईजीएफआर ९५ आणि एसीआर ४०० असलेला तरुण आणि ईजीएफआर ५८ व एसीआर ८ असलेली वृद्ध स्त्री यांच्यात पुढच्या धोक्याची काळजी तरुणाची जास्त करावी लागते. रक्ताच्या कागदावर मात्र तोच निरोगी दिसतो.

बाकीच्या ओळींपैकी पोटॅशियमकडे लक्ष द्यावे. ३.५ ते ५ च्या आसपास ते असावे आणि ६ च्या वर गेले तर हृदयाची लय बिघडण्याची भीती असते, म्हणून त्यात दिरंगाई करू नये. पण रक्त घेताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ वारंवार उघडझाप केली किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा फुगतो. रिपोर्टच्या तळाशी ‘नमुना हिमोलाइज्ड’, म्हणजे पेशी फुटलेला, अशी टीप असेल तर नमुना पुन्हा द्यावा. हिमोग्लोबिन, कॅल्शियम आणि फॉस्फरस हेही किडनीचे आकडे आहेत हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. तांबड्या पेशी तयार करण्याचा निरोप देणारे एरिथ्रोपोएटिन किडनीत तयार होते आणि जीवनसत्त्व ‘ड’ कामाच्या रूपात आणण्याचा शेवटचा टप्पा तिथेच पार पडतो. म्हणून ईजीएफआर बराच उतरलेल्या माणसाचा अशक्तपणा केवळ लोहाच्या गोळ्यांनी हटेलच असे नाही.

लक्षणांची वाट पाहणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. दोन किडन्यांत इतकी शिल्लक असते की एक दान केलेला माणूसही वर्षानुवर्षे सुखाने जगतो. त्यामुळे पायांवर सूज, रात्री वारंवार लघवीला उठणे, अंगाला खाज, जेवणावरची वासना जाणे ही लक्षणे बहुधा फार उशिरा येतात. लघवीला न मोडणारा फेस येणे ही त्यातल्या त्यात लवकर दिसणारी खूण आहे. आणि कंबर दुखते म्हणून किडनीची तपासणी करून घेणाऱ्यांची कंबर बहुतेक वेळा मणक्यामुळे किंवा स्नायूंमुळे दुखत असते.

किडनी जपण्याच्या बाबतीत लोकांना पाण्याचे प्रेम फार. मुतखडा होणाऱ्यांनी भरपूर पाणी प्यावे हे खरेच आहे, आणि उन्हात काम करणाऱ्यांनी कोरडे पडू नये हेही खरे. परंतु जास्त पाणी प्यायल्याने आधीच मंदावलेली गाळणी सुधारत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावून पाहिले आणि ईजीएफआरच्या उतारात फरक पडला नाही. शेवटच्या टप्प्यात तर पाणी मोजूनच प्यावे लागते. जगभर किडनी निकामी करणारी सर्वांत मोठी दोन कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब, आणि किडनी वाचवण्याची खरी लढाई तिथेच लढली जाते. आम्ही घरी दंडावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र आणले. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीवर आणून आणि तोंड बंद ठेवून मोजायचे, एक मिनिटाने पुन्हा मोजायचे. तोंड बंद ठेवण्याचा नियम आईला सगळ्यात जड गेला, कारण पट्टा फुगू लागला की तिला नेमके काहीतरी आठवते. दवाखान्यात घाईघाईत मोजलेला एक आकडा आणि घरी सात दिवस मोजलेल्या आकड्यांची सरासरी यांत आमच्याकडे १५ अंकांचा फरक निघाला. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात वरून घेतलेले, स्वयंपाकातले आणि पाकिटातल्या पदार्थांतले असे सगळेच मीठ मोजायचे असते.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बंद केली ती आईची वेदनाशामक गोळी. गुडघ्यांसाठी ती कित्येक वर्षे आपल्या मनाने डायक्लोफिनॅक घेत होती आणि ‘अधूनमधून’ या शब्दाचा तिचा अर्थ आठवड्यातून चार दिवस असा होता. गाळणीत रक्त आणणारी रक्तवाहिनी अडचणीच्या वेळी रुंद ठेवण्याचे काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे नेमकी तीच तयार होऊ देत नाहीत. निरोगी तरुणाने दातदुखीसाठी दोन दिवस गोळी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. पण वय, मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी यांच्या जोडीला ही गोळी गेली की किडनी अचानक बसू शकते, त्यातही जुलाब-उलट्या चालू असतील तर फारच लवकर. म्हणूनच अशा आजारपणात कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या हे आधीच विचारून लिहून ठेवलेले बरे.

‘नैसर्गिक आहे, त्याने काय होणार’ या वाक्याची मला आता धास्ती वाटते. ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात घेतलेल्या वनस्पतींच्या गोळ्यांनी तरुण स्त्रियांच्या किडन्या झपाट्याने निकामी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया नावाच्या वनस्पतीतले आम्ल होते. कुठल्याही उपचारपद्धतीचे औषध असो, त्यात काय आहे हे पाकिटावर लिहिलेले नसेल तर ते न घेतलेले बरे.

उलट ज्या गोळ्या खरोखर किडनी वाचवतात त्यांच्याबद्दल लोक विनाकारण साशंक असतात. आईला टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी सुरू केली. ही आणि तिच्या जातीची औषधे गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात, त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो आणि अल्ब्युमिनची गळती कमी होते. दाब उतरला की गाळण्याचा वेगही किंचित उतरतो, म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, आणि त्यासाठीच गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. आईचे १.१ चे १.२ झाले तेव्हा मी गोळी बंद करण्याच्या विचारात होतो. डॉक्टरांना फोन केला नसता तर केलीही असती. पुढे तिला डॅपाग्लिफ्लोझिनही सुरू झाले. मधुमेहासाठी आलेल्या या गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनने किडनीचा उतार मंदावतो हे २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसले, आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या २०२० च्या चाचणीत मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही तोच फायदा झाला. डायलिसिसच्या अलीकडे, वेळेवर सापडलेल्या माणसाला देण्यासारखे आता पुष्कळ काही आहे.

आज आई एकाहत्तर वर्षांची आहे. क्रिएटिनिन दोन वर्षे १.२ वरच आहे, ईजीएफआर ४८ च्या आसपास रेंगाळतो आहे आणि एसीआर ७० पर्यंत उतरला आहे. वर लिहिलेल्या उदाहरणातली १.२ क्रिएटिनिनची सत्तरीची स्त्री म्हणजे आता तीच, आणि तिच्या रिपोर्टवर अजूनही चांदणी नाही. गुडघे दुखतात तेव्हा ती पॅरासिटामॉल घेते, शेकते आणि आम्हाला चार शब्द ऐकवते.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, पोटॅशियम, रक्तदाबाची आठवड्याची सरासरी आणि वजन असे सात रकाने आहेत. आठवा रकाना आईने स्वतःच्या हाताने वाढवला. त्यात ती डॉक्टरांनी न दिलेली, म्हणजे शेजारणीने किंवा दुकानदाराने सुचवलेली, जी काही गोळी घेतली असेल ती लिहिते. गेल्या तपासणीच्या ओळीत तिथे ‘सर्दीची एक, नाव विसरले’ असे आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.